निळ्या कोटाला काळा दोरा

शनिवार, १० मे

चिमणीने आज घात केला! उद्या डोंगरावर जायचं — शाळेपासून दर उन्हाळ्यात आम्ही दोघीच जातो. आणि ही मशीनवरून मान वर न करता म्हणते, "नवीलाही घेऊ या की." घेऊ या की! जणू पिशवीच घ्यायचीय.

नवीला शिवणाच्या कारखान्यात येऊन चार महिने नाही झाले, तोवर मला खिडकीकडे सरकवून तिने चिमणीच्या शेजारचं मशीन पटकावलं. डबाही तिच्याबरोबरच खाते. आज दात दुखतोय म्हणून दुपारीच घरी पळाली. देवा, गाल चांगला सुजू दे!

रविवार, ११ मे

सुजला नाही. आली.

ऊन मरणाचं. आणि या दोघी चढावर हातात हात घालून! दरवर्षी चिमणी दगडांवरून उड्या मारत पुढे पळायची, वरून मला ओरडायची, "म्हातारे, चल ना!" आज नवीला धरून पाऊल पाऊल चढत होती. नवीची तिच्या कानात सारखी कुजबुज. पाणी, पिशव्या, सतरंजी — सगळं हमालाकडे. म्हणजे माझ्याकडे.

माथ्यावर आमचा एक खेळ असतो. खाली शहरात कारखान्याचं लाल छप्पर आधी कुणाला सापडतं? दर वेळी चिमणीच जिंकते. या वेळी मी जिंकले. "ते बघ!" म्हटलं, तर ही भलतीकडे तोंड करून म्हणाली, "हो हो, दिसलं." बघायचीसुद्धा इच्छा नाही! नवीने तिचा खांदा हळूच वळवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बसा दोघी गळ्यात गळा घालून," म्हणाले आणि एकटीच उतरायला लागले. मागून चिमणीची हाक आली, "अगं, थांब ना!" नाही थांबले.

सोमवार, १२ मे

शनिवारचा एक कोट मास्तरांच्या हाती लागला. गडद निळं कापड आणि शिवणीला काळा दोरा! मास्तर कडाडले, "कुणाचं काम हे?" मी म्हटलं, "नवीचं असेल. घाईत गेली होती ती शनिवारी."

नवीने चिमणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. माझंच." मास्तरांनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं — कायमचं!

चिमणी तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. रडू दे. माझ्यासाठी कधी रडली नाही. मला आज जेवण छान गेलं.

मंगळवार, १३ मे

कोट उसवायला माझ्याकडेच आला. बाहीची शिवण धरली. शेवटी तीन उलटे टाके आणि एक आडवा.

आडवा! ही माझ्या आईची पद्धत. आमच्या स्वयंपाकघरातल्या मशीनवर तिने ती दोघींनाच शिकवली — मला आणि चिमणीला. हा कोट मी शिवलेला नाही.

काळा की निळा, हे चिमणीला कळू नये? अख्खा कारखाना तिच्याकडे रंग जुळवायला यायचा! आणि काल-परवाचं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ते छप्पर. तो धरलेला हात. नवी कुजबुजत नव्हती — "इथे दगड आहे, इथे खड्डा आहे" सांगत होती.

तिला सांगितलं. मला नाही. आत्तासुद्धा आधी हेच टोचतंय, लाज वाटते! मास्तरांना खरं सांगावं, तर चिमणीचं काम जाणार. न सांगावं, तर नवीचं गेलंच आहे. मीच घालवलंय.

बुधवार, १४ मे

सगळ्यांच्या आधी पोचले. चिमणीच्या मशीनची सुई रिकामी होती. रोज सकाळी ओवलेली असायची. कोण ओवतं, हा विचार कधी मनात आला नाही. आज मी ओवली, निळं रीळ लावलं आणि तिथेच उभी राहिले.

चिमणी आली. बोटांनी दोरा चाचपला. चेहरा केवढा खुलला! माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आलीस? परत घेतलं ना गं तुला?"