पुरा चहा, बसून

३ नोव्हेंबर, सोमवार
गोंडपिपरी फेरी. गाडी गच्च, धान कापणीवाले लोक. स्टँडवर लागली तशी साजिदा बांगड्यांचं दुकान तसंच उघडं टाकून आली. मारोतीच्या टपरीवर नेहमीचं, एकात दोन. चहा एक, ग्लास दोन, अर्धा तिचा, अर्धा माझा, उभ्या उभ्या. पुरा प्यायले वेळच कुठी असते? नामदेवभाऊ स्टेअरिंगवर बसला का मले डबल बेल द्यावी लागते. इतकी वर्षं कंडक्टरकी केली, तिच्यासोबत पुरा कप कधी पेली नाई. बाकड्यावर बसून तर नाईच. बाकडं पेपर वाचणाऱ्या माणसांचं.

आज तिनं अर्ध्या चहात सांगतलं. इरफान, तिचा पोरगा, तिले हैदराबादले नेतो म्हणते. याच महिन्यात. दुकान सोडून दे म्हणते. मी म्हटलं, बरंच आहे, पोरगा स्वतःहून नेऊन राह्यला. तोंडानं म्हटलं. मनात म्हटलं, मंग माझा अर्धा चहा कोणासोबत?

मले वाटलं दुकानाचं दुःख असंल. तर तसं नाई. मागच्या खेपेस पोरगा अन् सून तिले तिथल्या काचेच्या हॉटेलात घेऊन गेले. काउंटरवरची पोरगी विचारतच राह्यली, गरम का थंडा, छोटा का मोठा, दूध कोणतं. हिच्या तोंडातून शब्द निघाला नाई. कुछ नहीं चाहिए म्हणून तशीच बसली. सून हसली.

"मले चहा मागता नाई आला, वंदा. तिथी मी राहू कशी?"

पुढं काही बोलणार तर भाऊचा हॉर्न.

६ नोव्हेंबर
दिवसभर तेच डोक्यात. अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्या पोरींले बांगड्या भरणारी बाई, ठाणेदाराच्या बायकोले भावात हरवणारी, अन् चहा मागता येत नाई? राग आला. तिचा नाई, त्या काउंटरचा.

ना.भाऊले सांगतलं. झालं, त्याचं भाषण सुरू. तिथल्या एका चहाच्या पैशात अख्ख्या गाडीले चहा पाजीन, पिशवीतल्या कोंबड्यांसकट. महाग चहा म्हणजे येड्या, बह्याड लोकायचा शौक. खरं सांगायचं तर कालपर्यंत माझंही हेच मत होतं. पण तो बोलला म्हणून मले उलटं वाटाले लागलं. स्वभावच तसा.

म्हटलं, मी तिले नागपूरले नेते. तिथल्या सगळ्यात भारी हॉटेलात. शिकवतेच.

भाऊ आरशात पाहून हसला. हसा म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोम.
गाडी जरा लवकर लागली. सा.च्या दुकानात तालीम. मी काउंटरवाली, ती गिऱ्हाईक.
मी: गरम का थंडा?
सा.: अगं, चहा आहे ना? गरमच असंल.
मी: छोटा, मधला का मोठा?
सा.: तू कोणता पेशील?
मी: मी काउंटरवाली आहे, मी पेत नाई.
सा.: मंग बिचारी दिवसभर उभीच?

हसून हसून पोट दुखलं. बांगड्या घ्यायले आलेल्या बाईले वाटलं दोघी पिसाळल्या. पण मोठ्यानं बोल म्हटलं की सा.चा आवाज बसते. आपल्याच दुकानात बसते, तर तिथी काय होणार? मले भ्याव वाटून राह्यलं. तिले नाई सांगतलं.

१३ नोव्हें.
रविवारची सुट्टी बदलून घेतली. सा.नं निळा सूट शिवाले टाकला. म्हणे चहा प्यायले नवीन कपडे, लोकं काय म्हणतील. म्हटलं, लोकायले सांगू नको.

१६ नोव्हेंबर, रविवार
लिहतेच आता, नाईतर उद्या फेरीत सगळं मिसळून जाईल.

पहाटेच्या गाडीनं नागपूर. स्वतः तिकीट काढून खिडकीत बसली, मजा आली. हॉटेल मोठ्या रस्त्यावर, सारं काचेचं, आत एसी. बाहेरून पाहून सा. म्हणे जाऊ दे वंदा, इथी शेजारीच टपरी आहे. म्हटलं, टपरीसाठी नवीन सूट शिवला काय? ओढत नेलं.

अन् आता काय झालं पाहा. काउंटरवर पोरीनं विचारलं, काय देऊ? मी, शिकवणारी मी, ताठ मानेनं म्हटलं, "एकात दोन."

पोरगी पाहतच राह्यली. मॅडम, वो क्या होता है? मागं लाईन. माझी मान ताठच, पण तोंड बंद. एक शब्द सुचंना. गाडीत माणसं कोंबणारी मी, इथी उभीच्या उभी गार.

तशी सा. पुढं झाली. मले बाजूले सारलं, सरळ हातानं. "दो पूरे. मोठे. गरम. शक्कर अलग." आवाज असा की लाईनमधले गप्प. पोरगी म्हणे दूध कोणतं? सा. म्हणे, "म्हशीचं असंल तर म्हशीचं, नाई तर जे आहे ते. पण दोन पुरे." पोरगी हसली, पण चांगली हसली. नाव विचारलं. सा.नं सांगतलं, तिनं कपावर लिहलं.

माय वो! माझी साजिदा!

बसलो. सोफ्याच्या खुर्च्या. तेवढ्यात काउंटरवर बेल वाजली, टिंग टिंग. डबल. अन् मी उठून उभी! पर्स खांद्याले, पाय दरवाज्याकडं, तोंडानं "चला चला." सगळं हॉटेल पाहून राह्यलं. ती चहा तयार झाल्याची बेल होती. सा.नं माझा पदर धरला. हसून तिच्या डोळ्यात पाणी. "बैठ. आपली गाडी नाई ती."

बसली. बेल तर वाजतच राह्यली, कोणाचा ना कोणाचा चहा होतच होता. दर वेळेस पायाले झटका बसे. मंग कमी झाला. शेवटी शेवटी बेल वाजली तरी हलली नाई. लय मोठी गोष्ट आहे ही, भाऊले कळणार नाई.

चहा? भिकार. रंग होता, बस. अद्रकेचा पत्ता नाई. मारोतीनं असा दिला असता तर ग्लास परत केला असता. भाव इथी लिहत नाई, उद्या वाचून मलेच चक्कर येईल. सा. म्हणे, जाऊ दे, बशी मागू काय? अन् मागितली! आणून दिली! दोघी बशीत ओतून पेलो, फुंकर मारत. बाजूची पोरं फोटो काढून राह्यली होती. काढा.

कोणी उठवलं नाई. मले सारखं वाटे आता कोणी येईल, म्हणेल उठा. आलंच नाई कोणी.

तिच्या नवऱ्याच्या आजारपणाची गोष्ट ती मले कधीपासून सांगून राह्यली होती. दर वेळेस अर्ध्या चहात अर्धी, मंग बेल. दवाखान्यापर्यंत यायची अन् तुटायची. आज शेवटपर्यंत सांगतली. तो गेला त्या सकाळी काय बोलला तेही. मी रडली. ती नाई रडली, तिनं माझ्या कपात आपला चहा ओतला.

१७ नोव्हेंबर
ना.भाऊ दिवसभर खोदून विचारत होता, परवडलं काय? परवडलं काय? म्हटलं, चहा भिकार, खुर्ची फस्क्लास. म्हणे, म्हणजे खुर्चीचे पैसे दिले? म्हटलं हो, खुर्चीचे. तुम्ही भाऊ जन्मभर टपरीवर फुकट बसले, तुम्हाले खुर्चीचा भाव काय माहीत.

वळणावर म्हणे, बायकोले एकदा नेऊ काय? मी तिकिटं फाडत राह्यली, आपला भाव वाढू दिला.

२० नोव्हें.
सा.नं इरफानले फोनवर सांगतलं, येते. हैदराबादचं ते काचेचं हॉटेल कुठं आहे म्हणे, सूनबाईले मी चहा पाजते. मले सांगताना चेहरा असा फुललेला.

घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला. मीच शिकवलं. मीच पाठवून राह्यली. वंदना, तूही बह्याडच!

पण खुश आहे. खोटं नाई लिहत. तिचा तो आवाज, दो पूरे, आठवला की अजूनही हसू येते. अन् मंग किती दिवस राह्यले ते मोजते.

२२ नोव्हें.
दुकान सोडलं नाई तिनं! कुलूप लावलं फक्त. इरफानले म्हणे, आधी येऊन पाहते, मंग पाहू. किल्ली ओढणीच्या टोकाले बांधली. परत येईल का नाई, मी विचारलं नाई. तिनंही सांगतलं नाई.

२४ नोव्हेंबर, सोमवार
माझ्याच गाडीनं निघाली. बल्लारशाले इरफान, तिथून रेल्वे. निळा सूट घातला होता. बॅग मी मागच्या सीटखाली लावली.

गाडी टाइमाच्या आधी लागली होती. मारोतीनं न विचारता चहा ओताले घेतला, एक चहा, दोन ग्लास. म्हटलं, थांब मारोती. पुरे दोन. अन् सरळ बाकड्याकडं गेली. पेपरवाले बसलेच होते. म्हटलं, "भाऊ, सरका जरा." एकानं वर पाहिलं, तिकीट मागताना पाहते तसं मी पाहिलं, सरकले. सगळे सरकले. आम्ही दोघी बसलो. गोंडपिपरी स्टँडवर, बाकड्यावर, पुरा ग्लास हातात. चहा असा फर्मास, अद्रक घालून. गाडीतल्या खिडक्यांतून बाया पाहून राह्यल्या होत्या, एक हसली.

सा. म्हणे, तिथला चहा असा नसंल. म्हटलं, खुर्ची असंल.

ना.भाऊ स्टेअरिंगवर बसला. हॉर्न दिला. "वंदाबाई, बेल!"

साजिदा सवयीनं उठली, ग्लास अर्धा तसाच. मी तिची ओढणी धरली, किल्ली बांधलेलं टोक हातात आलं.

"बैठ," म्हटलं. "बेल माझ्याकडंच आहे."