दिवा तुमचा, उजेड माझ्याकडे

तीर्थस्वरूप काकांस,

वाकून नमस्कार (या वेळी नेहमीपेक्षा बराच खाली वाकलो आहे, कारण पुढे येईलच). इकडे आम्ही दोघं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? तुमच्या सूनबाईंनी नमस्कार सांगितला आहे आणि मला बजावलं आहे की फाटे न फोडता सगळं खरं लिहा. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तेही येईल.

तर, तुमच्या वाढदिवसाला मी तुमच्याकडे ते स्मार्ट दिवे, पंखा आणि पडदे बसवून दिले. स्टुलावर चढून, तोंडात स्क्रू धरून मी काकूंना व्याख्यानही झोडलं, की आता वस्तूंना एकेक करून सांगत बसायचं नाही, त्यांचा गट करायचा आणि गटाला एकदाच हुकूम सोडायचा, सगळ्या मुकाट्याने ऐकतात. हे अगदी खरं आहे. खोटं एवढंच, की तुमचा वेगळा गट करतो म्हणालो आणि केला नाही. त्यासाठी तुमचं वेगळं खातं उघडावं लागलं असतं, आणि मला घरी जायची घाई होती (मॅच होती, आणि ती आपण हरलो, म्हणजे तेही फुकट गेलं). म्हणून तुमची सगळी उपकरणं मी माझ्याच गटात ढकलली. गटाचं नाव 'घर'. घर कुणाचं, हे यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? नंतर निस्तरू म्हटलं आणि साफ विसरलो. 'विसरलो' हा शब्द तुम्हाला लिहिताना हात अडखळतो आहे.

तेव्हापासून मी ऑफिसला निघताना दारातून 'घर बंद' म्हणतो आणि तिकडे तुम्ही अर्धी दाढी घेऊन अंधारात उभे राहता. मला इथे उकडलं की तुमचा पंखा सुटतो, आणि घड्याळ उघडून बसलेल्या माणसाच्या टेबलावर पंखा सुटला की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. काकूंनी पडदे ओढावेत, मी ते उघडावेत, आणि 'तुम्हीच उघडलेत' म्हणून तुम्ही दोघांनी भांडावं. माझ्याकडेही एक चमत्कार चालू होता. माझ्या टेबलावरचा दिवा रोज सकाळी आपोआप लागायचा. यंत्राने माझी लवकर उठायची सवय ओळखली, अशी फुशारकी मी ऑफिसभर मारली (मी लवकर उठत नाही, हे सूनबाईंनी इथे मुद्दाम लिहायला लावलं आहे). काका, तो दिवा तुम्ही लावत होतात. तुम्ही कामाला बसताना तुमच्या टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबायचात, निरोप गटातल्या दोन्ही टेबलांवरच्या दिव्यांना जायचा, आणि उजेड माझ्याकडेही पडायचा. पुढे तो लागेनासा झाला, तर मी कंपनीला खरमरीत तक्रार ठोकली.

आता रविवारचं. मी तुमच्याकडे गप्पा मारत बसलो होतो. घरी पंखा चालू राहिल्याचं आठवलं, म्हणून खिशातल्या खिशात फोनवरून सगळं बंद केलं. तुमची खोली काळोखी झाली. काकूंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दारातून आत येतच होतात. "माझाच हात लागला असेल बटणाला," तुम्ही म्हणालात, "हल्ली मला काही आठवत नाही बघ." आणि माझी माफी मागितलीत. माझी. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी काय केलं? फोन खिशात आणखी खोल कोंबला आणि तुम्हाला शब्दकोडी सोडवायचा सल्ला दिला. लवकर झोपा म्हणालो. एकाच गोष्टीवर लक्ष ठेवत जा, असंही म्हणालो. तुम्ही मान डोलावून ऐकत होतात.

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. तुम्ही लोकांची घड्याळं न उघडताच परत केलीत, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीत, हे तेव्हा कळलं. दिवा लावला की मालवला हे ज्याला सांगता येत नाही त्याने दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावू नये, असं तुम्ही म्हणालात म्हणे. मी तिथूनच परत वर यायला हवं होतं. मी काकूंनी दिलेली लिंबं घेऊन घरी आलो. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

काका, तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. तुम्ही यंत्रावर शंका घेतली नाहीत, कारण ते पुतण्याने बसवलं होतं. त्यापेक्षा स्वतःवर घेतलीत. हे फोनवर बोलायला मला तोंड नाही. शिवाय घोळक्याला हुकूम सोडायची इतकी सवय झाली आहे, की एकाच माणसाशी बोलायचं तर आता मला पाकीट लागतं.

तुमचा,
खाली मान घातलेला पुतण्या

ता. क. तुमच्याकडच्या प्रत्येक उपकरणाच्या पाठीला सुईएवढं छिद्र आहे. त्यात टोक घालून दाबून धरलं की ते माझ्या गटातून सुटतं. टाचणी चालत नाही, वाकते (मी माझ्याकडे करून पाहिलं). तुमचा तो बारीक चिमटाच लागेल. त्यासाठी माळ्यावरची पेटी खाली काढावी लागेल, त्याला माझा इलाज नाही.

पुन्हा ता. क. सगळं सोडवा, पण तुमच्या टेबलावरचा दिवा तेवढा माझ्या गटात राहू द्या. त्याला मी इथून कधीही हुकूम सोडणार नाही. पत्राला उत्तरही पाठवू नका. तुम्ही कामाला बसलात की माझ्याकडचा दिवा लागेलच. या वेळी मी जागा असेन.