गुंडीएवढी बॅटरी

१२ जानेवारी १९५५
बॅटरी संपली. आठच दिवस पुरली! विटेएवढी ती, कमरेला बांधायची — हंडा उचलायची सोय नाही. बाळंतपणातल्या तापाने माझे कान गेले, तेव्हापासून मुंबईहून आणलेल्या या ऐकायच्या यंत्राची ही तिसरी बॅटरी. माझी निमी उद्या वर्षाची होईल. आता बोलू लागेल. मला तिचा आवाज ऐकायचाय, दुसरं काही नको.

३ मार्च
हे हायस्कुलातून मासिक घेऊन आले. सायन्स शिकवतात, त्यात बॅटरीचं वेड. गुंडीएवढी पाऱ्याची बॅटरी निघाली म्हणे, लढाईतच शोधलेली. मी म्हटलं, लढाई संपून दहा वर्षं झाली, मग अडलंय कुठे? यांनी पाटीवर लिहिलं — "आधी प्रयोगशाळा, मग कारखाना, मग दुकान." मी खाली लिहिलं — "आणि मग बऱ्हाणपूर?" हसले. हसले की फार गोड दिसतात, सांगत मात्र नाही मी.

२० ऑगस्ट
चौथ्या पत्राला दुकानदाराचं उत्तर. जुन्या बॅटऱ्या आता येत नाहीत. नव्या अजून आल्या नाहीत. कमाल आहे!

९ फेब्रुवारी १९५६
निमी बोलते! माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते आणि ओठ मोठे मोठे हलवते. मला सगळं कळतं. आज केळं मागितलं. आवाज कसा असेल? यांच्यासारखा जाडाभरडा नको गं बाई.

१ नोव्हेंबर
आजपासून नवा मध्यप्रदेश. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं. पाटीवर यांचं — "राज्य एका दिवसात बदललं, बॅटरी काही येईना."

१५ डिसेंबर
पार्सल आलं! नवं यंत्र, आणि बॅटरी खरंच गुंडीएवढी. हे तळहातावर घेऊन बघतच बसले. मग मी यंत्र कानाला लावलं.
"शारदा, ऐकू येऊ राहिलं का?"
जाडाभरडाच आहे. किती रडले मी. निमी झोपली होती, तिला उठवू दिलं नाही यांनी.

१६ डिसेंबर
सकाळी निमी आली. ओठ हलले — आई.
आवाज नाही. यंत्र बिघडलं असं वाटून बटण फिरवून पाहिलं. पण चुलीतली लाकडं तडतडत होती, ऐकू येत होती.
सासूबाई म्हणाल्या, "तुह्याशी बोलतांनी आवाज काढतच नाही ती. आमच्याशी बोलते तं सारी गल्ली ऐकते."
तिला वाटतं, आईशी असंच बोलायचं असतं.