डाव्या हातांचा वर्ग

२१ जुलै, सोमवार

पुन्हा प्रशिक्षण! इतिहास शिक्षकांचं, उद्यापासून चार दिवस, दादरला. सव्वीस वर्षांत अशी किती झाली, देव जाणे. सही करा, चहा प्या, पडद्याकडे बघत डुलक्या काढा, प्रमाणपत्र घेऊन घरी या.

पण या वेळी मेख आहे. मुख्याध्यापक रमाकांत सरांनी बोलावून सांगितलं, "दमयंतीबाई, तुमचा आणि अजितचा पाठ कसा होतो ते बघून संस्था दहावीचा इतिहास कोणाकडे ते ठरवणार." अजित! परवा बी.एड. झालेला, पोरांना मोबाइलवर किल्ले दाखवणारा. माझी दहावी त्याला? मेले तरी देणार नाही!

२२ जुलै

प्रशिक्षक पूर्वी मॅडम. जेमतेम तिशीच्या, आवाज बारीक, पण कोणाचं ऐकतील तर शपथ! पडदा नाही, भाषण नाही. "परवापासून आम्ही तुमच्या शाळांत येणार. वर्ग तुमचा, पाठ तुमचा." शेजारच्या बाई कुजबुजल्या, "पोरं तयार करून ठेवा हो." मला सांगतायत!

२३ जुलै

संध्याकाळी नववी ब ला थांबवून घोटून घेतलं. विषय १९८२ चा गिरणी संप. गिरणगावातल्या भोईवाड्याची पोरं, त्यांना घरचाच विषय.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. आमची जुनी युक्ती आहे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. पाहुणे म्हणतात, वा, काय वर्ग आहे! मी उठवते फक्त उजव्यांना. लाज? नाही वाटली कधी. सगळेच करतात.

२४ जुलै, गुरुवार

जिंकले! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे!

मागे बारा शिक्षक खुर्च्या टाकून बसलेले. मी विचारलं, संप कधी सुरू झाला? चाळीस हात वर. विनीतने — पहिला नंबर कधी सोडला नाही पोराने — धाडधाड तारीख सांगितली. संप मागे कधी घेतला? पुन्हा चाळीस हात. मी विनीतकडे वळणार, तोच मागून पूर्वी मॅडम, "खिडकीजवळच्या त्या मुलीला सांगू द्या." किर्ती! डावा हात!

"बाई, वहीत १९८३ आहे. पण आमचे आजोबा गिरणीत होते. ते म्हणतात, संप कोणी मागे घेतलाच नाही. मग ही तारीख आली कुठून?"

वहीत म्हणजे माझ्या नोट्स. सव्वीस वर्षं त्याच उतरवून देतेय. 'गप बस' अगदी जिभेवर आलं होतं. काय झालं कोणास ठाऊक, म्हटलं, "मला माहीत नाही गं. मलाही कोणीतरी लिहूनच दिलं होतं. आता कोणाला विचारायचं?"

"आजोबांना! समोरच्याच चाळीत आहेत!"

चालू पाठात माणूस बोलावणं कुठल्या नियमात बसतं? म्हटलं, जा, आण! रामचंद्र आजोबा आले, शर्टाची बटणं वरखाली. बसायच्या आधीच सुरू — "संप? कोणी मागे घेतल्यान? माका कागद दाखव!"

मग जी पोरं सुटली! एरवी तोंड न उघडणारीसुद्धा. घरात काय खायचात? मालकाने परत बोलावलं का? किर्तीनेच विचारलं, "आजोबा, तुम्ही गेलात कामावर?" म्हातारा शर्टाची बटणं चाचपू लागला. "गेलंय. वर्षाभरान. पोरां उपाशी होती." मग किर्तीकडे वळून, "कामावर गेलंय गे, पण संप सोडूक नाय."

घंटा झाली. एकही पोर उठलं नाही!

बाराही जण टाळ्या वाजवत होते. अजित दारात उभा राहून बघत होता, तोही वाजवत होता, मेला! पूर्वी मॅडम म्हणाल्या, "असा पाठ मी अजून पाहिला नव्हता." मीही नव्हता पाहिला!

२५ जुलै

अजितचाही पाठ आज झाला, पण पहिली मी आले! दहावी माझीच! रमाकांत सरांनी स्वतः पेढा भरवला. पूर्वी मॅडमनी निघताना हात धरला, "पुढच्या प्रशिक्षणात शिकवायला या." मी, आणि शिक्षकांना शिकवणार! येताना परळ नाक्यावर टॅक्सी केली. ऐट म्हणजे ऐट.

२८ जुलै, सोमवार

नववी ब ला सांगितलं, आजपासून ते डावं-उजवं बंद. ज्याला कळलेलं नाही त्यानेच हात वर करायचा.

पहिला हात विनीतचा. म्हणाला, "बाई, मला सगळं पाठ आहे. कळलेलं काहीच नाही."