जावयाला दिलेलं रेशीम

रोम, जुलैच्या मध्याला थोडे दिवस उरले असता.

लाडक्या सात्रिया,

कापुआला सासूबाईंच्या घरी तू आणि तान्हा खुशाल असाल. मी बरा आहे. डोळे तेवढे मंदावलेत. बागेत तू कविता वाचायचीस आणि मी गुरुजींच्या छडीच्या तालावर घोकलेल्या ओळी तुझ्यामागून म्हणायचो, ते दिवस स्वप्नातही येतात. आता गुलाम फिलो वाचतो. दवंडी पिटल्यासारखा!

तुझा नवरा देकिमस सेनेटच्या मतांनी त्या पदावर निवडून आला असता, तर तुला घेऊन कुठल्या तरी दूरच्या प्रांतात गेला असता. म्हणून परवा त्याला जेवायला बोलावलं.

उमेदवार तो, खडू घासलेला पांढराशुभ्र टोगा घालून आला. रिवाजाप्रमाणे फिलोने दारातच तो उतरवून घेतला आणि यजमानाकडचं भोजनवस्त्र पुढे केलं. तुझ्या आईचं मधाच्या रंगाचं रेशीम आठवतं? दिव्यासमोर धरलं की ज्योत आरपार दिसायची. तेच कापून शिवलं होतं.

तो दचकला. "मामा, पुरुषांना रेशमाची बंदी आहे. सेनेटचा ठराव आहे."

"घरातल्या घरात कसली रे बंदी? सासूची आठवण आहे. नको म्हणतोस?"

नको म्हणवेना त्याला. मऊ स्वभाव. गेल्या वर्षी माझ्या कवितेला जांभई दिली होती. या वेळी टाळ्या वाजवल्या.

निघताना टोगा सापडेना. फिलो म्हणाला, "नव्याने खडू लावायला धुलाईवाल्याकडे दिला."

"मामा, तुमचा एखादा द्या."

"माझेही तिकडेच गेलेत. जा असाच, जवळ तर आहे घर."

बाहेर लख्ख ऊन आणि भर मासळीबाजार. एक कोळीण ओरडली, "अगं सटवे, अंगावर काही घालून तरी निघायचंस!" सगळा बाजार मागे लागला. मी गच्चीतून ऐकत होतो.

काल सेनेटमध्ये त्याचं नाव पुकारलं, तशी कुणीतरी बायकी आवाजात हाळी दिली, "आले हं, केस विंचरतेय!" इतके हसले सगळे, की त्याने नाव मागे घेतलं.

टोगा आज माझ्या पेटीत मिळाला. फिलोला बोल लावू नकोस. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं.

असं हसं झालेला नवरा माझ्या मुलीला नको. कायद्याने तू अजून माझ्या अधिकारात आहेस. काडीमोडाचा निरोप मी पाठवला. तो धावत आला, उंबऱ्यावर बसून म्हणाला, "मामा, पद गेलं तर जाऊ दे. सात्रियाला नका नेऊ." आयुष्यात एकदाच त्याला इतकी सुंदर ओळ सुचली. मी ती त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

पत्राबरोबर पालखी पाठवलीय. पोर बापाच्या कुळाचं, ते तिथंच राहील. त्याला दाईच्या हातात दे आणि लगेच नीघ. शेवटचं म्हणून उचलून घेऊ नकोस. मग पाय निघत नाही.

तुझ्यावर जिवापाड माया करणारा आणि तुझा अजूनही मालक,
तुझा बाप