निळ्या रंगामागचा माणूस

१ एप्रिल ७४, सोम.
शाळा सकाळची. दुपारी वस्तीतली पोरं दारात. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीला यंदा बाबांचा मोठा फोटो, बाजारातला छापील नाही. शेजारच्या तात्यांच्या पेटीत जुना होता, औरंगाबादला ते बाबांना बघायला गेले तेव्हाचा. तो जालन्याला स्टुडिओत मोठा करायला गेलासुद्धा. मला विचारलं ते हारांचं. बाई आहे ना मी!

४ एप्रिल, गुरु.
तात्या ओट्यावर बसून सहज बोलून गेले, "त्या फोटूत तुहा बाप बी हाय की. बाबांच्या मागं, खांबापाशी. पटकेवाला."
जन्मभर हा माणूस भिंतीला भिंत लावून राहतो! म्हटलं, आधी का नाही सांगितलं? "कुनी इचारलंच न्हाई, बाई."
वडील, आमचे दादा, गेले तेव्हा मी पाळण्यात. त्यांचा एकही फोटो नाही. रडू आलं, मग रडण्याचाच राग आला. भाकरी करपली.
मायला सांगितलं. "बरं," म्हणाली. मग पेटी उघडून ठेवणीतलं लुगडं वाऱ्यावर घातलं.

९ एप्रिल, मंगळ.
फोटो आला. वस्तीत जल्लोष. बाबा केवढे! कोट निळा, गालांवर लाली, हातात घटनेचं जाडजूड पुस्तक. "तवा हातात काठी व्हती," तात्या म्हणाले. ऐकतो कोण.
आणि मागे सपाट निळं. खांब नाही, माणसं नाहीत. स्टुडिओच्या पेंटरने फोटो रंगवताना सगळी गर्दी रंगाखाली घातली. माय ते लुगडं नेसून आली होती. चष्मा पुसून पुसून शोधत राहिली. "मागची मानसं कुटं गेली गं?"
पोरांवर ओरडले. एक म्हणतो, "बाई, बाबा उठून दिसाया पायजेत का न्हाई?" खरंय. मलाही ते तसेच हवेत, त्यांच्यामुळे तर हातात खडू आला. तरी...
मूळ फोटो स्टुडिओतच राहिलाय.

११ एप्रिल, गुरु.
रजा टाकली. हेडमास्तरांचं तोंड वाकडं. एसटीने जालना. पेंटर तोंडात पान धरून, "मोठ्या मानसाच्या मागचं पब्लिक आम्ही साफच करतो, बाई. बिलकुल क्लीन."
मूळ फोटो? शोधतो, शोधतो. शेवटी रंगाच्या डब्याखाली सापडला. कडेला गोल डाग, पण खांब शाबूत.
परतताना बसमध्ये पाहिलं. आहे पटकेवाला. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, हा एकटा बाबांकडे. मान उंच करून. चेहरा नखाएवढा. मला हा माणूस फार आवडला. हेच दादा असू देत.

१२ एप्रिल, शुक्र.
मायला दारातल्या उजेडात फोटो दिला. पुष्कळ वेळ धरून बसली. "उद्या बघते," म्हणाली. चिडले. उद्या काय वेगळं दिसणार?

१४ एप्रिल, रवि.
जयंती. मिरवणूक दारावरून गेली, निळे बाबा पोरांच्या खांद्यावर. माय उठली, हात जोडले, परत फोटो घेऊन बसली. शेवटी मीच विचारलं, "तेच हायेत ना, माय?"
"तात्या म्हनतो म्हंजे असतील."
"तू सांग ना."
तिने फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबांचं तोंड डोळे मिटले तरी दिसतंय गं. घरोघर हाय. ह्यांचं... मला आता आठवंना."
इतकी वर्षं मला वाटायचं, दादा निदान मायकडे तरी आहेत. जवळ बसले नुसती.
तात्या उद्या फोटो न्यायला येणार. मायला सांगितलं तर तिने तो पदराखाली घेतला.
"ऱ्हाऊ दे चार दिस माह्यापाशी. बघत ऱ्हायले तर येईल ध्यानात."