हाड कोनाले म्हनलं

मंगळवार, दिवेलागणीले

डोकं चालून नाही राह्यलं. उद्या इंझोरीचा साळा येते आन राखणीच्या दोन कुत्र्यांतला एक घेऊन जाते. कोनता देऊ?

लाल्या कारवानी जातीच्या शिकारी मायचा, गावठी बापाचा. पळाले लागला का हाती लागत नाही. शेरू कारवानी आन अल्सेशियनचा, अंगानं जड. पन आज हरभऱ्यात रोह्यांचा, म्हंजे नीलगायींचा, कळप शिरला, तं शेरूनंच त्यायले वावराच्या धुऱ्यापार हाकललं. लाल्या अर्ध्या वावरातून शेपूट घालून वापस आला. रोजचंच हाये हे. मी म्हनलं, गावठी रक्तच भित्रं, यालेच देऊन टाकू.

बायको म्हने, "तुमी हाड हाड कोनाले म्हनून राह्यले होते?"

"रोह्यायले."

"लाल्याले काय मालूम?"

लाल्या गल्लीत वाढला, सगळ्यायचं हाड ऐकत. शेरू वाशीमच्या बंगल्यातला, त्याले तो शब्दच ठाव नाही. मंग खोट रक्तात का माह्या तोंडात? का लाल्या खरंच भिते?

हे लिहितानी दारात बकरी आली. सवयीनं म्हनलं, हाड. बकरी हालली नाही. लाल्या अर्धी भाकर टाकून आंगनाभायेर गेला.